चपलांच्या रॅकपाशी

'अंगण गेम्स'च्या सांगलीतल्या ऑफिसात केतकी कुंभोजकरचं टेबल आठ वर्षं चपलांच्या रॅकपाशी होतं. नव्यानं लागलेल्या पोरांना वाटायचं, या बाईनं काहीतरी मोठी चूक केलेली दिसतेय, म्हणून हिला दारात बसवलंय. खरं म्हणजे ती जागा तिनं भांडून मिळवली होती.

तिचं काम होतं खेळाडूंची मतं गोळा करायचं. आभासी जगातला एखादा नवा खेळ तयार होत आला की गावातली माणसं बोलावली जायची. ती हेडसेट चढवून तासभर खेळायची, मग सरबत पिऊन फॉर्म भरायची. फॉर्मवर सगळं उत्तम असायचं. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरी बसून कोणी नावं ठेवत नाही. पोहे खारट झाले असले तरी बशी रिकामी करूनच खाली ठेवतात. जे खरं बोलायचं असतं ते निघताना, दारात, चपला घालता घालता बोलतात. "छान झालं हो सगळं, पण..." हा 'पण' ऐकायला कुणीतरी दारात उभं असावं लागतं, आणि यजमान बहुधा तोवर आत वळलेले असतात.

केतकी वळत नसे. एका निवृत्त शिक्षिकेनं फॉर्मवर दहापैकी दहा दिले होते. सँडलचा पट्टा लावताना मात्र त्या म्हणाल्या, "छानच आहे गं. पण त्या जंगलातला उजेड दवाखान्यातल्यासारखा वाटतो. आमचे हे गेले ना, त्या खोलीतल्यासारखा." उजेड बदलला, आणि तो खेळ देशभर चालला. तेव्हापासून कंपनीचा मालक ऋत्विज पाटणकर पाहुण्यांना रॅक दाखवून सांगायचा, "आमची प्रयोगशाळा ही. आणि या आमच्या केतकीताई."

अशा 'पण'मधून तिनं आठ वर्षांत खेळातलं एकेक अडखळणं शोधलं आणि काढून टाकायला लावलं. बटणं फार आहेत, काढा. सूचना वाचायला कंटाळा येतो, काढा. हात पुढे केला तर वस्तू सापडायला वेळ लागतो, तो वेळ काढा. शेवटी उरला तो 'कारागीर' नावाचा खेळ. त्यात एकही बटण नव्हतं, एकही सूचना नव्हती. चाकावर माठ घडवा, लाकूड कोरा, पतंग बांधा, भिंती रंगवा. पाच वर्षांचं पोरही न शिकता खेळेल इतकं ते सहज होतं.

या सहजपणामागे होता कोपराखाली बांधायचा एक पट्टा. त्याचं नाव 'हातभार'. माणूस हात हलवायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा हुकूम विजेच्या बारीक लहरी होऊन स्नायूपर्यंत येतो. लहर पोचल्यावर स्नायू प्रत्यक्ष ओढला जायला सेकंदाचा एक छोटासा तुकडा लागतो. पट्टा नेमका त्या तुकड्यात शिरायचा. लहरीच्या नुसत्या सुरुवातीवरून तो ओळखायचा की गड्याला काय करायचंय, आणि खेळातला हात ते करून मोकळा व्हायचा. खऱ्या हाताच्या किंचित आधी, आणि किंचित जास्त नेटकं. खेळणाऱ्याला वाटायचं, हे मीच केलं.

मग त्याच पट्ट्यानं खेळाडूंची मतंही वाचायला सुरुवात केली. नाडी, घाम, डोळ्याची बाहुली, बोटांची ओढ यांवरून कुणाला काय आवडलं ते खेळता खेळताच आकड्यांत यायचं. "तोंडाचं मत भिडस्त असतं, केतकीताई," ऋत्विज म्हणाला. "शरीर भीड ठेवत नाही. आता विचारायची गरजच नाही." फॉर्म बंद झाले. केतकीला वरच्या मजल्यावर काचेची केबिन मिळाली, मत-विभागाची प्रमुख म्हणून दारावर पाटी लागली. तिला वाईट वाटलं का? नाही. आठ वर्षं लोकांच्या मोज्यांचा वास घेतलेल्या बाईला केबिन मिळाली की ती आनंदानंच जिना चढते. केतकीही चढली.

घरी तिचे वडील होते, मुरलीधर कुंभोजकर. सगळी सांगली त्यांना पेंटर आप्पा म्हणायची. एके काळी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. छापील बोर्ड आले तेव्हा काम बसलं, आणि आता हातानं रंगवलेल्या पाट्यांची हौस परत आली तेव्हा आप्पांचा हात बसला. बहात्तराव्या वर्षी कंप सुरू झाला. ब्रश उचलला की टोक पाण्यातल्या गवतासारखं हलायचं. त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले.

केतकीनं त्यांच्यासाठी 'कारागीर' घरी आणला. प्रसिद्ध व्हायच्या आधी नऊ हजार लोकांना तो घरी खेळायला दिला होता. त्यांत आप्पांचं नाव तिनं स्वतः घातलं. पहिल्या दिवशी आप्पांनी आभासी गल्लीतल्या आभासी दुकानावर पाटी रंगवली. हेडसेट काढला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"लई झकास गं, केतू," ते म्हणाले. "हात पंचविशीतला झालाय बघ. कापतच न्हाई."

"खरंच आवडलं?"

"आगं, वरची रेघ एका दमात गेली. किती वर्सांनी गेली माहितीय का?"

ही वरची रेघ म्हणजे आप्पांचा बाणा होता. दुसरे पेंटर आधी रेघ मारून घेतात आणि तिला अक्षरं टांगतात. आप्पा अक्षरं आधी काढायचे आणि रेघ शेवटी, डावीकडून उजवीकडे, श्वास धरून, एकाच ओढीत. मध्ये थांबलेली रेघ जन्मभर थांबलेली दिसते, असं ते म्हणायचे. आता ते रोज चार-चार तास खेळू लागले. आकड्यांत त्यांचं समाधान सत्त्याण्णव टक्के यायचं. केबिनमध्ये बसून तो आकडा पाहताना केतकीला वाटायचं, आपण जन्मात एक तरी काम चांगलं केलं.

दोन महिन्यांनी एका सकाळी ती घाईत निघाली होती. मुंबईहून पाहुणे येणार होते, मतं वाचणारा पट्टा त्यांना दाखवायचा होता. ती दारात वाकून सँडलचं बक्कल लावत होती आणि आप्पा मागे येऊन उभे राहिले.

"केतू, ते तुझं मशिन छान आहे गं. पण..."

"आप्पा, संध्याकाळी बोलू?" ती बक्कलाशी झटत म्हणाली. "आणि तुम्हाला सांगायची गरज नाही हो. पट्ट्याला सगळं कळतं. तुमचं सगळं मला ऑफिसात दिसतं."

"हां, हां. जा तू," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी ती विसरली. आप्पाही विसरले असावेत, असं तिनं धरलं.

पुढच्या चार महिन्यांत तिला घरात बारीकसारीक दिसत होतं. नाही असं नाही. आप्पांचा चहाचा कप ओठांपासून चार बोटांवर थांबायचा. ते तसेच बसून राहायचे, मग मान पुढे करून घोट घ्यायचे. तिला वाटायचं, विचारात असतील. शर्टाची गुंडी ते अर्धीच घालायचे. दाराची कडी अर्धी लागायची. वय झालं, असं ती मनाशी म्हणायची. तिच्या काचेच्या केबिनमध्ये तर आप्पा सत्त्याण्णव टक्के सुखी होते.

मग बाळासाहेब मगदुमांनी आप्पांना बोलावलं. त्यांच्या 'समाधान भेळ'ची पाटी चाळीस वर्षांपूर्वी आप्पांनीच रंगवली होती. आता दुकान धाकट्या सुनेच्या हाती जाणार होतं आणि तिला त्याच हातची नवी पाटी हवी होती. आप्पांनी माळ्यावरचे ब्रश काढले. हात कापत नव्हता. ते सकाळी नऊला शिडी घेऊन गेले आणि दुपारी एक वाजता केतकीला मगदुमांचा फोन आला.

"ताई, जरा या की वो इकडं. आप्पा शिडीवर हायत. खाली बी येईनात आन् बोलत बी न्हाईत."

ती पोचली तेव्हा दुकानापुढे आठ-दहा माणसं जमली होती. आप्पा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. अक्षरं झाली होती, पण प्रत्येक अक्षरात सांधे होते, तीन-तीन चार-चार तुकडे जोडल्यासारखे. वरची रेघ निम्म्या पाटीवर येऊन थांबली होती आणि तिच्या पुढे, हवेत, ब्रश धरलेला आप्पांचा हात होता. तो थरथरत नव्हता. नुसता थांबला होता. लाल रंगाचा एक ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला होता.

"आप्पा," ती खालून म्हणाली, "काय होतंय?"

"मी ओढतोय की," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा घाबरला होता. "मी ओढतोय गं केतू, अन् ते जातच न्हाई."

ती शिडीवर चढली. त्यांच्या मागे उभी राहून तिनं त्यांचं मनगट धरलं आणि रेघ शेवटापर्यंत ओढून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी त्या टाळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. उतरताना ते केतकीला फार हलके लागले.

मिरजेच्या डॉ. नसीमा मुजावर मज्जासंस्थेच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आप्पांना टेबलावरच्या खुंट्या उचलून भोकांत बसवायला सांगितल्या. प्रत्येक खुंटी भोकाच्या अलीकडे थांबली. स्नायू ठीक होते, नसा ठीक होत्या, मेंदूचा फोटो स्वच्छ होता. मग डॉक्टरांनी खेळाबद्दल विचारलं, आणि केतकीचं सगळं सांगणं ऐकून घेतलं.

"लहान मेंदू फार काटकसरी असतो," त्या शेवटी म्हणाल्या. "तो हुकूम पाठवतो आणि काम झालं का ते बघतो. अर्ध्या हुकुमात काम होत असेल तर पुढच्या वेळी तो अर्धाच पाठवतो. तुमच्या पट्ट्यानं सहा महिने, रोज चार तास, अर्ध्या हुकुमावर पूर्ण काम करून दाखवलं. मेंदू शिकला. हुकूमच अर्धा, म्हणून कंपही दिसेनासा झाला. यांनी काही चुकीचं केलं नाही, उलट फार चांगलं शिकले."

"पण खेळ तर पूर्वीही होते," केतकी म्हणाली. "त्यांनी कुणाचे हात थांबले नाहीत."

"ते अवघड होते म्हणून. हातात ती वेडीवाकडी कांडी, बटणं, उशिरा हलणारं चित्र. मेंदूला सतत कळत होतं की हे वेगळं आहे, इथली शिकवण इथंच ठेवायची. ते अडखळणं हेच कुंपण होतं. तुम्ही खेळ इतका सहज केलात की मेंदूला खेळ कुठे संपतो तेच कळेना."

त्या कुंपणाचा एकेक दगड तिनं स्वतः वेचून काढला होता. त्यासाठी तिला दोनदा बक्षीसही मिळालं होतं.

"बरं होईल?" आप्पा बाहेर जाऊन बसल्यावर तिनं विचारलं.

"पहिल्या दोनेक महिन्यांत थांबवलं असतं तर आठवड्याभरात पुसलं गेलं असतं. आता सांगता येत नाही. खेळ बंद. आणि एक लक्षात ठेवा. त्यांचा हात थांबला की तुम्ही तो पुढे न्यायचा नाही. कप ओठाला लावून द्यायचा नाही, गुंडी घालून द्यायची नाही. तुम्ही मदत केलीत की मेंदूला परत तेच कळतं, अर्ध्यात भागतंय. मग तुम्हीच पट्टा बनता."

शिडीवर धरलेलं ते मनगट केतकीच्या तळहाताला अजून जाणवत होतं.

'कारागीर' नऊ दिवसांनी जगभर प्रसिद्ध होणार होता. ऋत्विजनं तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं पडद्यावर आकडे उघडले.

"केतकीताई, आप्पांचं ऐकून वाईट वाटलं. पण नऊ हजार लोक आहेत. एकाचंही मत नव्वदच्या खाली नाही. एक तरी तक्रार दाखवा."

"तक्रार खेळताना कशी येईल? खेळात हात पूर्ण जातो. अडकतो तो बाहेर."

"मग कुणी सांगितलं असतं की."

"कुणाला सांगतील? आपण विचारणं बंद केलंय." ती उठली. "खाली चल. तास संपायची वेळ झालीय. पाच मिनिटं रॅकपाशी उभा राहा."

सहा महिन्यांनी ती त्या जिन्यावरून या कामासाठी उतरत होती. नऊ हजारांतले गावातले काही जण आठवड्यातून एकदा इथं येऊनही खेळत; ते अजून आत होते. रॅक भरलेला होता आणि ती त्याच्यापुढे उभी राहिली ती बघतच राहिली. आठ वर्षं तिनं हा रॅक पाहिला होता. लेसचे बूट, पट्ट्यांच्या सँडल, बकलं, चेन लावायचे उंच बूट. आज तिथे नुसत्या पाय सरकवायच्या चपला होत्या. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत, सव्वीस जोड. एक लेस नाही, एक बक्कल नाही.

"काय झालं?" ऋत्विजनं विचारलं.

"हे बघ मत," ती म्हणाली. "नऊ हजार लोकांनी कधीच दिलंय. लेस बांधता येईना म्हणून सगळ्यांनी चपला बदलल्यात."

तेवढ्यात दार उघडलं आणि माणसं बाहेर आली. केतकीनं जुन्या सवयीनं विचारलं, "कसा वाटला?" सगळे म्हणाले, फार छान. एका कॉलेजातल्या मुलीनं पिशवी खांद्याला लावायला हात उचलला, तो कानापाशी थांबला. ती हसली. "छानच आहे मॅडम. पण हल्ली हे असं होतं बघा. अभ्यासाचा ताण असेल." पलीकडचा बँकेतला माणूस चटकन म्हणाला, "तुलाही? मला वाटलं, मलाच होतंय." मग कुणीच हसलं नाही.

ऋत्विज खाली पाहत होता. केतकीनं त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. लेसच्या तपकिरी बुटांशिवाय ऑफिसात पाऊल न ठेवणारा तो माणूस, आज त्याच्या पायांत मऊ, बिनपट्ट्याच्या मोजड्या होत्या.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"दिवाळीपासून," तो म्हणाला. "मला वाटलं, या सोयीच्या आहेत."

खेळ थांबवला. त्यानं खरोखरच थांबवला, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवता येणार नाहीत. नऊ हजार पट्टे एका दुपारी दुरून बंद केले आणि काय झालं ते सगळ्यांना स्पष्ट लिहून कळवलं. मत-विभागात आठ वर्षांत आली नव्हती एवढी पत्रं त्या आठवड्यात आली. बहुतेकांनी ती बोलून लिहवून घेतली होती. केतकीनं सगळी वाचली. तिला वाटलं होतं, लोक शिव्या घालतील, कोर्टात खेचतील. काहींनी तसं लिहिलंही होतं. पण पत्रामागून पत्रात मागणी एकच होती: पट्टा परत चालू करा. तिथे आमचे हात चालतात. इथल्या हातांचं आम्ही काय करू?

त्यांत एक पत्र सांगलीचं होतं. खाली नाव होतं, मु. वि. कुंभोजकर, पेंटर. चार ओळींचं. 'मॅडमना विनंती की म्हाताऱ्या माणसाला कुठं जायचंय नि काय करायचंय. दिवसातून एक तास तरी द्या.' रोज संध्याकाळी शेजारी जेवायला बसणाऱ्या लेकीला त्यांनी मॅडम म्हटलं होतं. केतकी ते पत्र पर्समध्ये घालून घरी आली आणि त्याबद्दल घरात बोलली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज रेघ ओढायची. परसात तिनं एक फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. रोज ऑफिसातून आली की ती स्टुलावर बसायची आणि आप्पा फळीपुढे उभे राहायचे. दोन महिने झाले होते. फळीवर डावीकडून निघालेल्या रेघांच्या रांगा होत्या, एकही निम्म्याच्या पुढे गेली नव्हती. स्टुलावर बसताना केतकी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायची. नाहीतर ते आपोआप उठायचे.

त्या दिवशी आप्पांनी ब्रश बुडवला, आणि ती म्हणाली, "आप्पा, एक विचारायचं होतं. मी मीटिंगला निघाले होते, तुम्ही दारात आला होतात. मशिन छान आहे, पण, असं म्हणालात. तो 'पण' राहिलाच."

आप्पांना आठवायला वेळ लागला नाही. म्हणजे ते विसरले नव्हते.

"काय विशेष न्हाई गं. त्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडापर्यंत गेला न्हाई. पयलीच बारी होती. म्हटलं, तुला सांगावं."

केतकीनं मनातल्या मनात महिने मोजले. दोन. बरोबर दोन महिने झाले होते तेव्हा. आठवड्याभरात पुसलं गेलं असतं. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली; डॉक्टरांनी तिला एकटीला सांगितलेलं ते दोन महिन्यांचं त्यांना माहीत नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नाही.

त्यांनी श्वास धरला आणि रेघ ओढायला घेतली. ती नेहमीच्या जागी आली आणि थांबली. ब्रश हवेत राहिला. आप्पांच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि हात होता तिथंच राहिला. एक मिनिट गेलं, मग दुसरं.

"केतू," ते पाठमोरेच म्हणाले, "जरा हात धर की. मगदुमाकडं धरलावतास तसा. एकदाच."

"नाही, आप्पा."

"एकदाच गं. पुरी झालेली बघू दे."

आप्पांनी मान मागे वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या माणसानं समोरासमोर कधी कुणाकडे काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. तिनं हात मांडीखाली आणखी दाबले, बोटं बधिर होईपर्यंत, आणि ती स्टुलावर बसून राहिली. ब्रशाच्या टोकावरचा रंग थेंबाथेंबानं फरशीवर पडत होता.